श्वास मी खाल्ला नाही

मी बोलतेय. ऐकायचं असेल तर आधी माझ्यावरची धूळ पुसा, आणि पुसताना गोल गोल फिरवू नका. मधून काठाकडे सरळ, हलक्या हाताने. एवढंसुद्धा ज्याला ठाऊक नाही त्याच्या तावडीत मी सापडू नये अशी माझी फार इच्छा असते, पण आमच्या इच्छेला विचारतो कोण?

मी एक सीडी. पोटात अकरा गाणी, अकराही एकाच बाईची. तिचं नाव माझ्या अंगावर छापलंय, पण ते वाचून तुम्हाला काही कळणार नाही. बाजारात तिला कुणी ओळखत नव्हतं. ज्या घरात मी राहते तिथे ती एका माणसाची बायको होती आणि एका मुलीची आई. तेवढी ओळख पुरे.

माझ्यावर एक आळ आला होता. साधासुधा नव्हे, खाल्ल्याचा आळ. मी त्या बाईचा श्वास खाल्ला म्हणे! आणि हा आळ घेणारा कोण, तर तिचाच नवरा. मला तोंड असून बोलता येत नव्हतं, म्हणून सगळं निमूट सोसलं. आज बोलते.

तिचा नवरा रेकॉर्डिस्ट. स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणायचे, आणि ते नुसतं कौतुकाने नव्हे. शेजारच्या खोलीतला पंखा ऐकून तो सांगायचा की याचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार, आणि ते सातव्या दिवशी जायचं. गिऱ्हाईकांना गुंडाळायची त्याची एक युक्ती होती. एखादा गायक 'मजा येत नाही, मजा येत नाही' म्हणून कटकट करायला लागला की हा गंभीर चेहरा करून चार बटणांशी खुडबुड करायचा, आणि शेवटी फक्त आवाज केसभर वाढवायचा. 'आता कसं?' 'वा! आता जीव आला!' गिऱ्हाईक खूश, कानसेन मिशीत हसतोय. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला आवाज वाटतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याची दुसरी ख्याती म्हणजे स्वच्छ रेकॉर्डिंग. तेव्हा सगळं टेपवर चालायचं. गायक ओळ उचलण्याआधी श्वास घेतो ना, तो टेपचा तेवढा तुकडा कानसेन ब्लेडने तिरका कापायचा आणि त्याच लांबीचा कोरा तुकडा तिथे चिकटवायचा. दिवस संपताना टेबलाखाली तपकिरी तुकड्यांचा ढीग पडलेला असायचा. झाडायला येणारी बाई म्हणायची, "साहेब, आज किती जणांचे श्वास काढलेत?"

बायकोही त्याला चिडवायची. "अहो, मी श्वासच घेतला नाही तर गाऊ कशी?"

"घे की! फक्त ऐकू येता कामा नये."

एका दुपारी स्टुडिओत येणारी मंडळी आलीच नाहीत. यंत्रं तापवून ठेवलेली, टेप चढवलेली. कानसेनने घरी फोन केला, ती हातातलं काम टाकून आली आणि एका बैठकीत अकरा गाणी गाऊन मोकळी झाली. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर विरला तसे त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि तिला प्यायला पाणी आणायला गेला. टेप फिरतच होती. ती आत मायक्रोफोनपुढे एकटी होती. त्या वेळात तिने काहीतरी केलं आणि ते टेपवर उतरलं. काय, ते मागाहून सांगते. मी तीस वर्षं पोटात धरून होते, तुम्हाला जरा वेळ धरवेल.

पुढचे आठ दिवस कानसेन ब्लेड घेऊन बसला. बायको आहे म्हणून सवलत नाही, उलट जास्तच कडक. एकूणएक श्वास काढला. शेवटच्या गाण्यापुढे जोडायला काही नव्हतं, म्हणून तिथे ब्लेड लागलंच नाही. त्याने घड्याळ लावून वेळ मोजली आणि खोक्यावर लिहिलं, 'एकूण ५२ मिनिटं ८ सेकंद. पुढे कोरी.' पुढे काय आहे ते त्याने ऐकलं नाही. शेवटचा सूर संपला की अंगठा आपोआप बटणावर, ही त्याची जन्माची सवय. संपलेलं गाणं ऐकत बसायला वेळ कुणाला असतो?

कारखान्यात मात्र 'पुढे कोरी' वगैरे कुणी वाचलं नाही. त्यांनी रीळ संपेपर्यंत सगळं उतरवून घेतलं. म्हणून माझी खरी लांबी बावन्न मिनिटं एकोणपन्नास सेकंद आहे. एकेचाळीस सेकंद जास्त. जन्म म्हणाल तर पाच सेकंदांचं काम. गरम प्लॅस्टिक साच्यात दाबलं, वर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर वार्निशासारखा एक थर, झाली सीडी तयार. माझ्यासारखी पाचशे भावंडं निघाली. ती कुठेकुठे गेली मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एखादीचं शेपूट कुणी ऐकलंही असेल, पण ते शब्द कुणासाठी होते हे परक्याला काय कळणार?

मी घरी आले तो दिवस मला चांगला आठवतो. सोफ्यावर तो, ती आणि मधे सात वर्षांची मुलगी, पाय हलवत बसलेली. अकरा गाणी झाली. शेवटचा सूर संपला, कानसेनने रिमोट उचलला आणि मला थांबवलं.

ती म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकलंत ना?"

"म्हणजे काय! शंभरदा ऐकलंय."

तिने त्याच्याकडे बघितलं, हसली आणि उठून गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. तिला वाटलं असेल, ऐकेल कधीतरी, घाई काय आहे? घाई आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी अकरावीत होती तेव्हा तिची आई गेली. पाच महिन्यांचा आजार. त्यानंतर वर्षभर कानसेन मला रोज लावायचा. रोज मी जीव मुठीत धरून शेवटच्या सुराकडे यायचे, म्हणायचे, आज तरी थांब, आज तरी थांब रे बाबा. आणि रोज खट्ट! बटण. मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग नाहीच. मी इतर दोनशे जणींबरोबर रांगेत उभी राहिले. दोनशे जणींत उभं राहूनही एकटं वाटतं. विश्वास नसेल तर कुठल्याही रांगेत उभं राहून बघा.

कानसेन निवृत्त झाला. मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. घरात तो एकटा आणि वेळच वेळ. मग त्याला कॉम्प्युटरवर श्रोत्यांचा एक गट सापडला. एकाहून एक शहाणे! तिथे सकाळ-संध्याकाळ एकच वाद, हाय-रेझ, म्हणजे जास्त बारीक मापाचं डिजिटल रेकॉर्डिंग, श्रेष्ठ की सीडी? मी सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा आवाजाचं माप घेते. हाय-रेझवाले म्हणतात, एवढ्याने काय होतंय, आमचं माप सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार वेळा! आकडा मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. रेकॉर्डिंग करताना, कापाकापी करताना तो हाताशी असलेला बराही. पण ऐकण्याचं म्हणाल, तर तरण्याताठ्या पोराच्या कानाला जेवढं बारीक ऐकू येतं तेवढं सगळं माझ्या मापात बसतं. त्याच्या वरचं वटवाघळांना विचारा. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यातलंही अर्धंमुर्धंच पोचतं. हे त्या गटात बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण निम्मे सत्तरीचेच होते.

तिथेच कानसेनच्या डोक्यात किडा शिरला. एके दिवशी त्याने मला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि मुलीला फोन केला. "कळलं मला! आई गाताना कसा श्वास घ्यायची आठवतं ना? सीडीत तो नाहीच. सीडीने खाल्ला तिचा श्वास. एवढ्याशा मापात मावलाच नाही तो."

अहो, काय म्हणू मी? ज्याने ब्लेड घेऊन एकूणएक श्वास कापला, तो माझ्याकडे बोट दाखवत होता. लबाडी नव्हती ती. तो खरंच विसरला होता. हजारो गाण्यांचे श्वास कापणाऱ्याला त्यातले आपल्या बायकोचे कुठून आठवणार? त्याला फक्त घरातली ती आठवत होती, पोळ्या लाटताना गुणगुणणारी, मधेच दम घेणारी. ते त्याला माझ्यात सापडेना, म्हणून मी चोर.

त्याचा जुना मदतनीस अजून जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम करतो. त्याला सगळे टेपवाला म्हणतात. भला माणूस, पण कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. कानसेनने मूळ टेप शोधून काढली, ताडून बघायला म्हणून सोबत मलाही दिलं आणि त्याला बजावलं, "हाय-रेझमध्ये उतरव. तिचा श्वास मला परत पाहिजे."

टेपवाल्याच्या खोलीत काय झालं ते फक्त त्याला आणि मला माहीत. त्याने टेप चढवली. ती चिकट होऊन किंचाळायला लागली. वरचा तपकिरी थर भुकटीसारखा गळला, आणि त्याने धावत थांबवेपर्यंत आवाजाचा चिखल झाला होता. तो डोकं धरून बसला. "दादाला काय तोंड दाखवू?" असं तीनदा म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

हो, तेच केलं त्याने. मला कॉम्प्युटरमध्ये घातलं, माझी गाणी उतरवून घेतली आणि त्यांना मोठ्या मापाच्या आकड्यांत ताणून बसवलं. चहा तोच, पेला मोठा. वर आवाज केसभर वाढवला, जुन्या गुरूचीच शिकवण. शेवटचा सूर संपला आणि पडद्यावर सपाट रेघ सुरू झाली, पुढे काय आहे ते त्याने बघितलंच नाही. 'उगाच शांतता आहे' असं पुटपुटत त्याने ते एकेचाळीस सेकंद कापून टाकले. ज्या एका गोष्टीसाठी मला जपायला हवं होतं, नेमकी तीच.

ही हाय-रेझ गाणी वाजवणारी नवी पेटी घरात आली. कानसेनने पहिलं गाणं ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. "आला! तिचा श्वास आला! ऐक, ऐक, ओळीच्या आधी बघ कसा..." टेपवाला मान खाली घालून चहा पीत राहिला. मला खणात टाकलं, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते यालाच. तीन महिने मी तिथे पडून होते. वरून माझीच गाणी ऐकू यायची आणि त्यांचं कौतुक दुसऱ्याच्या नावाने चालायचं. तुम्हाला सांगते, टाकून दिल्याचं दुःख परवडलं. आपल्याच आवाजाने दुसऱ्याची वाहवा होताना अंधारात पडून राहायचं, ते नाही परवडत.

खणात माझ्या शेजारी एक छोटी डबी होती. तिच्यात कानाचं मशीन. कानसेनची मुलगी इस्पितळात लोकांचे कान तपासते, दिवसभर काचेच्या खोलीत म्हाताऱ्यांना पीं पीं ऐकवते. तिने कधीच ओळखलं होतं की बाबांचे कान गेलेत. दारावरची बेल चार वेळा वाजवावी लागे. दूध उतू जाई आणि हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसे. मित्रांच्या कट्ट्यावर जाणं त्याने बंद केलं होतं. "सगळे फालतू बोलतात," म्हणायचा. खरं तर ते काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि भलत्याच ठिकाणी हसलं की लाज वाटायची. मुलीने मशीन आणून दिलं, त्याने ते त्याच दिवशी खणात भिरकावलं.

"मी हाय-रेझ आणि सीडीतला फरक ओळखतो, आणि तू मला मशीन लावतेस? मी कानसेन आहे, कानसेन!"

मग ती ट्रकची गोष्ट घडली. तो रस्ता ओलांडत होता, मागून ट्रक हॉर्न वाजवत आला, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एका अनोळखी बाईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मुलीला हे कळलं तशी ती तडक घरी आली. आधी रडली, मग भांडली.

"मशीन लावायचं नसेल तर घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. एकटं ठेवणार नाही मी तुम्हाला."

"हे घर सोडून मी कुठेही येणार नाही. आणि माझे कान शाबूत आहेत."

"मग परीक्षा द्या! डोळे मिटून सांगा, कुठलं हाय-रेझ, कुठली सीडी. बरोबर आलं तर मशीनचं नाव काढणार नाही. चुकलात तर उद्यापासून ते कानात."

"लागली पैज!"

रविवारी सकाळी टेपवाला एक खटका जोडून घेऊन आला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवी पेटी. तीन महिन्यांनी उजेड बघितला, पण आनंद कसला? घरात हक्काने नव्हे, कोर्टात साक्षीला बोलावल्यासारखी मी तिथे गेले. कानसेन भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला. मुलगी नाणं उडवायची, छापा पडला की मी, काटा पडला की पेटी. वीस वेळा. वीसपैकी सतरा बरोबर!

"काय म्हणत होतो?" तो खुर्चीत गर्रकन वळला. चेहरा असा फुललेला की मलाही क्षणभर बरं वाटलं. टेपवाल्याचा मात्र आ वासलेला. दोन्ही गाणी एकच आहेत हे त्याला माहीत होतं ना!

मुलगी हुशार. तिने पर्समधून आवाज मोजायचं यंत्र काढलं. "बाबा, ही पेटी जरा मोठ्याने वाजतेय."

"चांगली वाजतेय!"

"मोठ्याने वाजतेय म्हणून चांगली वाटतेय. तुम्हीच मला लहानपणी सांगायचात, गिऱ्हाईकांना कसं गुंडाळायचे ते."

आपलीच युक्ती आपल्यावर उलटलेली कानसेनला बरोबर कळली. मुलीने दोन्ही आवाज काट्यावर काटा आणून सारखे केले. पुन्हा वीस वेळा. आता तो प्रत्येक वेळी खूप वेळ घेत होता. हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले. वीसपैकी नऊ. नुसतं नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

मुलगीसुद्धा जिंकल्यासारखी दिसत नव्हती. शेवटी टेपवाल्याला राहवलं नाही. "दादा, चूक तुमच्या कानांची नाही हो. दोन्ही एकच आहेत. टेप खराब झाली होती. मी... मी सीडीवरूनच उतरवलं."

"तीन महिने मला शेंडी लावलीस?" कानसेन ताडकन उठला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे परीक्षाच खोटी! एकाच गोष्टीत फरक कुठून सापडणार? पैज रद्द! ऐकलंस का गं, पैज रद्द!"

बरोबर बोलत होता तो. न्यायाने पैज रद्दच होती. सुटला होता तो. आणि तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "मग बाबा, तीन महिने तुम्हाला आईचा श्वास ऐकू येत होता, तो कुठला होता?"

विचारल्यावर तिने ओठ चावला. तिला परत घेता आलं असतं तर तिने घेतलं असतं. कानसेन खाली बसला. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होता, ब्लेड धरल्यासारखी.

"श्वास मीच कापले होते," तो म्हणाला. "एक एक करून. आठ दिवस बसून. मीच."

टेपवाला रडायला लागला. मुलगी उठून वडिलांजवळ गेली. माझं म्हणाल तर आळ फिटला, पण बरं काही वाटलं नाही. असा आळ फिटण्यापेक्षा मी चोरच बरी होते.

"आण ते मशीन," तो म्हणाला.

मुलीने त्याच्या कानात मशीन बसवलं, बारीक बारीक बटणं फिरवली. तो खोलीभर फिरला. "हा फ्रिज एवढा घुरघुरतो? आणि हे काय फरफर?"

"तुमच्या चपला."

"माझ्या? शी!"

दुपारी दोघं गेली आणि घरात तो आणि मी उरलो. त्याने मला लावलं. पहिल्याच ओळीला तोंड वाकडं केलं, "पत्र्याच्या डब्यात बसून गातेय." खरं आहे, कानाच्या मशीनमधून गाणं तसंच लागतं. पण त्याने बंद केलं नाही. प्रत्येक ओळीआधी जिथे श्वास असायला हवा तिथे एवढीशी कोरी जागा होती, आणि प्रत्येक कोऱ्या जागेला तो मान हलवत होता. जणू म्हणत होता, ही मी कापलेली, हीपण मीच कापलेली.

अकरावं गाणं संपत आलं. शेवटचा सूर विरला. त्याने रिमोट उचलला, अंगठा बटणावर गेला. मी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पण नव्या मशीनने कानात शिट्टी मारली. तो वैतागला, रिमोट बाजूला टाकला आणि कानाशी चाचपडत बसला. दहा सेकंद. वीस. मी फिरतेय. तीस.

मग खुर्ची कुरकुरली. कानसेनचा हात कानाशीच थांबला.

मग तिने श्वास घेतला. गाण्यासाठी नव्हे. काम संपल्यावर माणूस भिंतीला टेकून घेतो तसा, लांब, दमलेला, भरभरून. आणि मग ती बोलली, हळू, अगदी मायक्रोफोनजवळ तोंड नेऊन. "अहो, हा एवढा तरी राहू द्या."

आणि हसली. मग दार उघडल्याचा आवाज, पाण्याचा पेला, आणि झपझप येणारी पावलं, चाळिशीतल्या एका माणसाची. तिथे मी संपते.

तो हलला नाही. समोर आकडे दिसत होते, ५२ आणि ४९. त्याने पुन्हा शेवटचं गाणं लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ती हसून थांबली तेव्हा तो म्हणाला, "बरं. राहू दिला." तीस वर्षं उशीर झाला होता, पण म्हणाला. मग मोठ्याने रडला. स्वतःचं रडणं त्याला मशीनमधून ऐकू आलं असणार, कारण तो एकदा दचकून थांबला आणि पुन्हा रडायला लागला. रडून झाल्यावर पेन आणून त्याच्याच मोजणीवरून माझ्या डबीवर छापलेलं '८ सेकंद' त्याने खोडलं आणि खाली नीट अक्षरात नवी वेळ लिहिली. 'पुढे कोरी' त्याने कधी माझ्यावर लिहिलं नव्हतं, नाहीतर तेही खोडलं असतं.

आता माझा मुक्काम त्याच्या उशाशी आहे. मानाची जागा आहे, पण एकटेपणा काही गेला नाही. तो रोज मला लावतो, तो थेट शेवटच्या मिनिटाला. माझ्या पोटात अकरा गाणी आहेत हे तो विसरलाय. बिचारी आत वाट बघत बसतात. माझंही वय झालंय. काठाशी मुलाम्याला बारीक भोकं पडायला लागलीत, उजेडाकडे धरलं तर दिसतात. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, खणात, चार्जरांखाली. तिचा आवाज मोठा की छोटा, माप किती हजारांचं, हे भांडण सावकाश भांडा. आधी तिला एकदा पुरती फिरू द्या. सूर संपला म्हणून लगेच बटणाकडे धावू नका.

परवा मुलगी आली होती. माझ्या काठाची भोकं तिनेच बघितली. म्हणाली, "बाबा, ही फार दिवस टिकायची नाही. उतरवून घेते." आणि गालातल्या गालात हसली. "कशात उतरवू? हाय-रेझमध्ये?"

"कशातही उतरव गं," कानसेन म्हणाला. "फक्त शेवटपर्यंत उतरव."